पाटीवरची तांबडी अक्षरं

मला ताप आला होता. बाकी काही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की बाईला काहीतरी महाभयंकर जडलं असणार. ताप होता, बाबांनो. आमच्या खोऱ्यात तो कुणाला येत नाही?

मला लिहिता येत नाही. हे माझी भाची लिहून घेतेय, ती पौडाच्या शाळेत जाते. म्हणाली, "मावशी, तुझं बोलणं थोडं सरळ करून लिहिते." मी म्हटलं, बोलणं कर सरळ, पण माझा राग सरळ करायला जाऊ नकोस. तो आहे तसा राहू दे. आता घरटी एक माणूस हिवानं कुडकुडतंय आणि दवाखान्याची वाट धरतंय. त्यातल्या एखादीला तरी हे कामाला येईल.

झोळी

आम्ही धनगर. मुळशीच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वस्ती, मेंढरं आणि थोड्या शेळ्या. त्या साली खाली धरणाचं काम जोरात चाललं होतं. जिथं बघावं तिथं खणलेलं, जिथं खणलेलं तिथं पाणी तुंबलेलं, आणि दिवस कलला की डास नुसते अंगाला झोंबायचे. माझा म्हादू तेव्हा अंगावर पीत होता. बसायला लागला होता, पण रांगायचं जमत नव्हतं, पोटावरच सरपटायचा. लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर झालेला माझा पहिला पोरगा. वस्तीवरच्या बायकांनी मला वांझ म्हणून घेतलं होतं, तोवर हा आला. त्यामुळं तो माझ्या काखेतून खाली उतरत नव्हता आणि मी उतरवतही नव्हते.

माझा ताप मोठा लहरी. रोजचा म्हणावा तर रोजचा नाही, दिवसाआडचा म्हणावा तर तसाही नाही. आज दुपारी थंडी वाजून यायचा, उद्या नुसतंच अंग मोडून ठेवायचा, परवा काहीच नाही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, काढे दिले, अंगारा लावला, देवाला कोंबडं बोललं. देवानं कोंबडं मान्य केलं नसावं. मी चुलीपुढं आडवी झाले तेव्हा आमच्या मालकांनी आणि दिरानं बांबूला घोंगडी बांधली, मला झोळीत घातलं आणि डोंगर उतरवला. मागून आत्याबाई म्हादूला घेऊन.

पौडाच्या वाटेवर तेव्हा एक धर्मादाय दवाखाना होता. आता तो नाही. पत्र्याचं छप्पर, लांबलचक खोली, एका रांगेत बायकांच्या खाटा. डॉक्टर आपलाच मराठी माणूस, मोठ्या लढाईवर जाऊन आलेला. चालणं शिपायाचं, बोलणंही तसंच.

पाटी

प्रत्येक खाटेच्या पायाशी एक दगडी पाटी टांगलेली असायची, शाळेतल्या पोरांची असते तशी. त्यावर त्या बाईला काय झालंय ते लिहायचं. डॉक्टर आला, माझे डोळे खालून ओढून पाहिले, पोट दाबलं, जीभ काढायला लावली. बोटाला सुई टोचून काचेच्या तुकड्यावर रक्ताचा थेंब घेतला आणि म्हणाला, हे पुण्याला जाईल. मग माझ्याकडं पाठ करून नर्सबाईशी इंग्रजीत बोलला आणि पाटीवर लाल खडूनं तीन अक्षरं काढली.

बाकी साऱ्या पाट्यांवर पांढरा खडू. माझ्या एकटीच्या पाटीवर लाल.

"बाई, काय लिवलं त्येंनी?" मी नर्सबाईला विचारलं.

"ते डॉक्टरांचं असतं," ती म्हणाली.

माझ्या खाटेला टांगलेलं, माझ्या अंगाबद्दलचं, आणि असतं डॉक्टरांचं! कंपाउंडर औषध घेऊन आला तेव्हा त्यालाही विचारलं. तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "एन वाय डी."

"म्हंजे काय?"

"म्हणजे एन वाय डी. इंग्रजी आहे ते."

"अवं, पर त्येचा अर्थ काय?"

"तुला काय करायचंय अर्थाशी? औषध घे."

औषध म्हणजे कोयनेल. कडूजहर, कान सुन्न करणारं. ते मी मुकाट्यानं गिळलं. गिळताना मला कुणी विचारलं नाही, पण मी विचारलं की साऱ्यांना काम आठवायचं.

दवाखान्यातले दिवस एकासारखे एक. सकाळी फिनेलचा वास, मग काखेत काचेची नळी, मग पेज, मग डॉक्टरची फेरी. शेजारच्या खाटेवर भरे गावची पारूबाई होती, पोटदुखीनं लोळायची. दुखणं थांबलं की इतकं हसवायची की माझीच कूस दुखायला लागायची. खिडकीतून आमचा डोंगर दिसायचा. आणि म्हादू जवळ होता, त्याला सांभाळायला आत्याबाई खाटेशेजारी पथारी टाकून राहिलेल्या. नर्सबाईनं स्वतः सांगितलं होतं, पाज त्याला, काही होत नाही. ते मात्र तिनं मराठीत सांगितलं, तिचे उपकार मी विसरणार नाही.

मामा आले

बाजाराच्या दिवशी मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. खांद्यावर घोंगडी, काठी दाराशी टेकवलेली. मला बरं वाटलं. म्हटलं, नातवाला बघायला आले.

ते खाटेच्या पायाशी उभे राहिले. पाटीकडं पाहिलं. त्यांनाही अक्षर येत नाही. मग त्या टोकापासून या टोकापर्यंत रांगेनं चालले, एकेक पाटी बघत. पारूबाई मला हळूच म्हणाली, "अगं, तुजा सासरा काय तपासनीस हाय का?" मी हसले. मामा परत आले.

"पोर दे," म्हणाले.

मला वाटलं, मांडीवर घ्यायचं असेल. म्हादू पीत होता, त्याला सोडवून दिला. मामांनी त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि आत्याबाईंना म्हणाले, "ऊठ. बोचकं बांद."

"मामा, कुटं न्हेताय?"

मामा माझ्याकडं न बघताच वळले. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं, आणि उठल्या. म्हादू दारापर्यंत ओरडत गेला. पुढं आवाज बारीक होत होत गेला. मी उठायला गेले आणि खाटेवरून खाली पडले. नर्सबाईनं मला उचललं आणि वर मलाच रागावली, ताप असताना उठतेस कशाला म्हणून!

पुढचं बायकांना सांगायला नको. दिवस मावळेपर्यंत छाती दगडासारखी झाली. नर्सबाईनं वाटी दिली, म्हणाली पिळून काढ, नाहीतर गाठ होईल. मी पिळून काढलं. भंगीण ती वाटी नेऊन मोरीत ओतायची. माझ्या पोराच्या तोंडचं दूध मोरीत, आणि पोरगं डोंगरावर उपाशी का शेळीवर, ते मला ठाऊक नाही. मी रडले नाही, खरं सांगते. संताप इतका होता की रडायला जागाच नव्हती.

काव

मालक आले ते दारातच घुटमळत. भिडस्त माणूस. बापापुढं त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, आणि त्या दिवशी माझ्यापुढंही फुटेना.

"म्हादू कसा हाय?" मी विचारलं.

"हाय. शेळीचं दूद घेतुया. पयलं लई रडला."

"अन् मामांनी त्येला का न्हेलं? मी काय गुन्हा केला?"

"अगं, तांबडं हाय न्हवं तुज्या पाटीवर."

एवढं ऐकलं आणि माझ्या ध्यानात आलं.

आमच्यात मेंढरू आजारी दिसलं की त्याच्या पाठीवर काव लावतात, म्हणजे लाल मातीचा पट्टा. काव लागली की ते मेंढरू वेगळं. वेगळं बांधायचं, वेगळं पाणी, आणि त्याचं कोकरू लागलीच काढून शेळीला लावायचं. कुणी विचारत बसत नाही. मामांच्या तरुणपणी एक काव लावलेली मेंढी कुणीतरी दया येऊन परत मेंढरांच्या वाडग्यात सोडली आणि सारा कळप देवीच्या रोगानं गेला, हे आम्ही सगळ्यांनी शंभरदा ऐकलेलं. तेव्हापासून मामा तांबडं दिसलं की थांबत नाहीत. आणि काव लावताना मेंढराच्या तोंडाकडं बघत नाहीत. म्हणून तर त्या दिवशी माझ्याकडं पाहिलं नव्हतं.

"अवं, मी काय मेंढरू हाय?" मी ओरडले. "ती डागदराची अक्षरं हायेत!"

"मंग काय लिवलंय?" मालकांनी साधं विचारलं.

आता काय सांगू? मलाच ठाऊक नव्हतं.

ते म्हणाले, "बा म्हनतोय, तांबडं निगाल्याबिगर पोर खाली येनार न्हाई. अन् ज्येनं लावलं त्येनंच काडाया पायजे, बाच्या डोळ्यादेकत."

हेही आमचंच. काव पुसायची ती लावणाऱ्यानं, मेंढराच्या धन्यासमोर. नाहीतर दया आलेली माणसं रोज पुसत बसतील. रीत चुकीची नाही, मेंढरांपुरती.

अर्थ

दुसऱ्या दिवशी डॉक्टरची फेरी आली तेव्हा मी खाटेवर बसले होते. पाटी काढून छातीशी धरलेली.

"ती जागेवर ठेव," डॉक्टर म्हणाला.

"आदी सांगा, हितं काय लिवलंय."

"तुला ते समजायचं नाही."

"समजंल. म्या येडी न्हाई. मराटीत सांगा."

पारूबाईनं सुद्धा कण्हणं थांबवलं. डॉक्टरनं नर्सकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि कंटाळून म्हणाला, "एन वाय डी. लष्करात लिहायचो आम्ही. म्हणजे निदान अजून झालेलं नाही."

"निदान म्हंजे?"

"म्हणजे तुला काय झालंय, ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले. मला वाटलं, पुढं काही असेल. पुढं काही नव्हतं. एवढंच. कळलेलं नाही!

"कळलं न्हाई?" मी म्हटलं. "अवं, कळलं न्हाई हे लिवाया विंग्रजी कशाला लागतंय? अन् ते बी तांबड्यानं? कळलं न्हाई म्हनून माजं प्यातं पोर माज्या अंगावरनं काडून न्हेलं! माजं दूद मोरीत चाललंय हितं! तुमाला कळलं न्हाई ह्ये तुमच्या कपाळावर लिवायचं, माज्या खाटंला का टांगलं?"

डॉक्टरला कुणी असं बोललेलं नसावं. त्याचे कान लाल झाले. पण माणूस अगदीच दगड नव्हता. "पोर कुणी नेलं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, कावेचंही सांगितलं. तो ऐकता ऐकता नर्सबाईशी इंग्रजीत काहीतरी बोलला. नर्सबाई खाली बघायला लागली.

मग कळलं ते असं, की पुण्याहून माझ्या रक्ताचा निकाल केव्हाच आला होता. साधा हिवताप. डॉक्टरला ठाऊक होतं, कंपाउंडरला ठाऊक होतं, कोयनेल वाढवलं होतं ते त्यासाठीच. फक्त पाटी पुसायची राहिली होती. राहिली होती! मामा ज्या दिवशी आले त्या दिवशी ती पाटी खोटीच होती.

डॉक्टर ओशाळला आणि घाईघाईनं पुढं होऊन त्यानं बाहीनं पाटी पुसून टाकली. "पुसू नका!" मी किंचाळले, पण तोवर पुसून झाली होती.

"आता काय झालं? पुसली की."

"मामांच्या म्होरं पुसायची हुती! आता लिवा परत."

"काय लिहू?"

"तीच अक्षरं. तांबड्यानं. ते येस्तवर ऱ्हाऊ द्या, मग त्येंच्या डोळ्यादेकत तुमच्या हातानं पुसा."

"हा काय खुळेपणा? मला दुसरी कामं नाहीत?"

"तुमच्या खुळेपणानं पोर न्हेलं, आता तसंच आना परत," मी म्हणाले. "न्हाईतर मी ही पाटी घिऊन तुमच्या दारात बसंन."

आणि मी बसले असते. हे त्याला माझ्या तोंडावरून कळलं असावं. तेवढं निदान त्याला लगेच झालं. त्यानं खिशातून लाल खडू काढला आणि पुन्हा ती तीन अक्षरं लिहिली. खोटी आहेत हे ठाऊक असूनही ती लाल होताना मी तोंड फिरवलं.

वाट बघणं

रात्री ओसरीवर थांबलेले मालक निरोप घेऊन वर पळाले. पण मामा चराईला कळप घेऊन दूरच्या माळावर गेलेले, आणि म्हादू आत्याबाईंपाशी वस्तीवर. मामांच्या शब्दाशिवाय आत्याबाई उंबरा ओलांडायच्या नाहीत. मी वाट बघत राहिले.

त्या दिवसांत मी हट्टानं बाकीची अक्षरंही विचारून घेतली. नर्सबाई आता सांगायची, जराशी घाबरून. औषधाच्या बाटलीवर टी डी एस असेल तर दिवसातून तीनदा घ्यायचं. बी डी असेल तर दोनदा. एस ओ एस म्हणजे लागलं तर, नाहीतर नाही. इतकं साधं! यातलं काय असं आहे की जे माणसाच्या भाषेत सांगितलं तर दवाखान्याचं छप्पर उडून जाईल? पारूबाईच्या पाटीवर एन ए डी होतं. तिनं नर्सबाईकडून अर्थ काढून घेतला. तपासलं, काही सापडलं नाही, असा त्याचा अर्थ.

"काय सापडलं न्हाई?" पारूबाई पोट धरून उठून बसली. "मंग हितं रात्रंदीस कोन वरडतंय, माजी सवत?"

आम्ही खूप हसलो. मग बायकांना चाळाच लागला. पेजेत काय घातलंय गं? एन वाय डी. तुझा नवरा कधी येणार? एन वाय डी. पण हसू ओसरलं की मी वाटी घ्यायची, आणि वाटीत रोज आदल्या दिवसापेक्षा कमी यायचं. आधी वाटीभर, मग तळाला, मग नुसते थेंब. पुढं पुढं पिळून दुखायचं तेवढं, येत काही नव्हतं. हे माझ्या पाटीवर कुणी लिहिलं नाही, पांढऱ्यानंही नाही.

पुसली

मामा आले. मागं आत्याबाई, त्यांच्या कडेवर म्हादू. पोरगं अंगानं भरलं होतं, शेळी मानवली होती त्याला. मला बघून त्यानं मान वळवली आणि आत्याबाईंच्या खांद्यात तोंड लपवलं.

डॉक्टर आला. मामा पाटीसमोर उभे राहिले, काठी दोन्ही हातांत धरून. डॉक्टरनं खिशातून रुमाल काढला आणि तिन्ही अक्षरं नीट पुसली. मामांनी पाटीला बोट लावून बोट बघितलं. तांबडं लागलं नाही.

"काय लिवलं हुतं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर घोटाळला. मी म्हटलं, "सांगा की. मला सांगितलं तसं सांगा."

"लिहिलं होतं की... हिला काय झालंय ते आम्हाला कळलेलं नाही."

मामांनी परत कोऱ्या पाटीकडं पाहिलं. मग म्हणाले, "एवढंच हुतं?"

"एवढंच हुतं, मामा," मी बोलले. सासऱ्यासमोर मी कधी आवाज चढवलेला नव्हता. त्या दिवशी चढवला. "त्येंना कळलं न्हाई, अन् तुमी इचारलं न्हाई."

मामांनी मान खाली घातली. त्यांनी स्वतः म्हादूला आत्याबाईंच्या कडेवरून घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. पण माझा राग तेवढ्यानं निवला नाही, खोटं कशाला सांगू?

मी पदर घेतला आणि म्हादूला छातीशी धरलं. आधी तो अंग चोरत राहिला. मग वास ओळखीचा लागला असावा, तोंड लावलं. ओढलं, पुन्हा ओढलं. काही नाही. तोंड सोडून त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच त्याला फसवलं होतं. मग रडायला लागला आणि आत्याबाईंकडं हात पसरले.

डॉक्टर अजून तिथंच उभा होता, रुमाल हातात.

"डागदर," मी विचारलं, "दूद परत येतंय का?"

त्यानं रुमालाची घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली.

"ते आम्हाला कळत नाही, बाई," तो म्हणाला. या खेपेला मराठीत म्हणाला.